पेव्हर ब्लॉक घालण्याआधी एक पावसाळा थांबा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ६१. पुण्यात बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले आणि गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी कायमचे राहायला आलो. मागीलदारापासून समुद्र दोनशे पावलांवर. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या वेळी मागीलदारच्या दीड गुंठ्यात काय नव्हतं? अबोलीचे दोन वाफे, मोगरा, जास्वंद, शिराळ्या-पडवळांचे मांडव. सुट्टीत आलो की परत जाताना पिशव्या भरून भाजी न्यायचो.

थंडीत मी लावलेलं बरं आलं. पालक, मुळा, माठ खाल्ला, शेजारी वाटला. शिमग्यानंतर मात्र सगळं बिघडत गेलं. टोमॅटोची फुलं देठासकट गळतात, जी पाच-सहा फळं धरली ती पिवळीच राहिली. शिराळ्याला फुलं भरपूर, फळ एकही नाही. मोबाइलवर बघून रोज सकाळी नऊ वाजता नर फूल मादी फुलाला लावते, तरी बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या. सासूबाईंच्या अबोलीची पानं कडेनं करपली, एक वाफा जवळजवळ गेला. विहिरीला पाणी आहे, पंप आहे, दिवसातून दोनदा शिपते. युरियाही दिला. कुंड्यांच्या मातीवर पांढरी खर धरते. रोज दिसेल ते वहीत लिहून ठेवते, त्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्या सासूच्या हाताला गुण होता, सगळ्यांच्या हाताला नसतो." ते मनाला फार लागलं. यजमान म्हणतात, पुरे झालं, पावसाआधी मागीलदारी पेव्हर ब्लॉक घालून घेऊ, चिखल नको आणि वाळक्या पानांच्या पातेऱ्यातली जनावरंही नकोत. गवंडी पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येणार आहे. मी काय करू?

— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

वहिनी, आधी गवंड्याला फोन करा आणि माप घ्यायला दिवाळीनंतर या म्हणून सांगा. बाकीचं मग वाचा.

तुमच्या वहीची पानं मी दोनदा वाचली. इतकी नेटकी नोंद मला फार कमी पत्रांतून मिळते. तारीख, वेळ, माती ओली की कोरडी, पान वरचं करपलं की खालचं, सगळं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच वहीत आहे, पण ते बागेच्या नोंदींत नाही. २ मेच्या पानाखाली कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय, "विहिरीचं पाणी जरा मचूळ लागतंय. डाळ शिजायला वेळ." स्वयंपाकघरातली गोष्ट म्हणून ती तुम्ही कोपऱ्यात टाकलीत. माझ्या मते ती वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

समुद्राच्या कडेच्या पुळणीत विहिरीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाचं पाणी वाळूतून खाली मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर थर धरून राहतं. या थराचा एक हिशेब पाण्याचे अभ्यासक सांगतात. समुद्राच्या पातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल, तर त्या पातळीखाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटा वाचा. वरचं पाणी १ फुटानं उतरलं, तर खालून खारं पाणी ४० फूट वर सरकू पाहतं. प्रत्यक्ष विहिरीत हे इतकं सरळ घडत नाही, जमीन कुठे कातळ, कुठे वाळू, पण ओढ त्याच दिशेनं असते. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, आणि किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात त्या यामुळेच.

आता पंपाकडे या. तुमच्या सासूबाई पाणी कशानं काढत होत्या ते यजमानांना विचारा. रहाटानं किंवा लाटेनं, म्हणजे लांब दांड्याच्या तरफेनं, काढत असतील, तर एका वेळी कळशी-दोन कळशा, मध्ये विहिरीला उसंत, आणि पाणी वरच्या थरातलं. तुमचा पंप अर्ध्या तासात विहीर हातभर खाली नेतो आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या विहिरीतल्या टोकाची झडप, तळाशी असल्यामुळे ओढतो तेही तळाचं, म्हणजे सगळ्यात जड आणि सगळ्यात खारं पाणी. हे पाणी तुम्ही दिवसातून दोनदा, अगदी मनापासून, अबोलीला घातलंत. ऊन लागलं की पाणी उडून जातं, मीठ मातीतच राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी पाणी, आणखी मीठ. कुंडीवरची पांढरी खर ती हीच. मिठागरात जे मुद्दाम करतात ते तुमच्या वाफ्यात नकळत झालं.

अबोलीचं चिन्हही तेच सांगतं. तहानेनं झाड मरगळलं तर सगळीच पानं मान टाकतात आणि पाणी मिळालं की तासाभरात उठतात. मीठ साठलं की आधी खालच्या, जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी होतात, माती ओली असताना. तुमची १४ एप्रिलची नोंद शब्दशः अशीच आहे, "पानांची टोकं तपकिरी, माती ओली." त्यात युरिया पडला. तोही मातीत विरघळून खारटपणा वाढवणाराच. झाड आजारी दिसलं की खत द्यावंसं वाटतं, ही माया मी समजू शकते, पण उन्हाळ्यात करपलेल्या झाडाला खत म्हणजे तापलेल्या माणसाला तळण खायला घालणं.

म्हणून आजपासून युरिया बंद. राखही आत्ता नको, कोणी कितीही सांगितलं तरी. पावसात राख उत्तम, आपल्या तांबड्या आंबट मातीला ती हवीच असते, पण राखेतही क्षार असतात आणि आत्ता ते वाढवायचे नाहीत. फूटव्हॉल्व्ह वर घ्या, पाण्याच्या पातळीखाली दोन-अडीच फुटांवर राहील असा, आणि पातळी उतरून तो उघडा पडत नाही ना याकडे लक्ष ठेवा. पंप सलग न लावता पाच-सात मिनिटं चालवा, मग विहिरीला दोन-तीन तास सोडा. विहिरीचं पाणी माडांना द्या, माड ते सोसतो. नळाचं पाणी येत असेल, तर त्यातल्या चार बादल्या, शिवाय तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी अबोलीला, मोगऱ्याला आणि मिरचीला. रोज थोडं थोडं देऊ नका. तीन दिवसांनी एकदा, पहाटे, मुळाशी, भरपूर, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जाईल. पानांवर मचूळ पाणी शिंपडू नका, पान तिथेच भाजतं. आणि वाफ्यावर चार बोटं जाड पातेरा पसरा. फणसाची, आंब्याची पानं, माडाची सोडणं उपडी, काहीही चालेल. माती झाकली की पाणी कमी उडतं, पाणी कमी उडालं की मीठ कमी वर येतं. कुंड्या असतील तर नळाचं पाणी एकदा इतकं ओता की तळाच्या भोकातून दुप्पट वाहून जाईल.

घरातलं जुनं गळकं मडकं असेल तर तेही टाकू नका. तोंड वर ठेवून मोगऱ्याजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर करवंटी झाका. मातीच्या अंगातून पाणी झिरपत राहतं आणि झाड लागेल तेवढं ओढून घेतं. दोन दिवसांतून एकदा भरलं की झालं.

अंदाजावर चालायचं नसेल तर बाटलीभर पाणी तपासून घ्या. तुम्हाला दापोली लांब नाही. धोपाव्याला फेरीबोटीत बसलात की दाभोळ, तिथून तासाभरात कृषी विद्यापीठ. पाण्याची क्षारता डेसिसायमन प्रति मीटर या मापात सांगतात. ०.७ पर्यंत काळजी नाही, ३ च्या वर असेल तर ते पाणी भाजीला घालूच नये. मधला आकडा आला तर पीक बघून. घेवड्याला जरासुद्धा खारटपणा चालत नाही, बीट बरंच सोसतं.

आता पेव्हर ब्लॉक. तुमच्या यजमानांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. साठीनंतर शेवाळलेल्या चिखलात पाय घसरणं ही साधी गोष्ट नाही, आणि पातेऱ्यात जनावर असतं हेही खरं. पण त्यांना हा हिशेब दाखवा, बँकेतल्या माणसाच्या हातचा आहे म्हणून सांगा. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. एका गुंठ्यावर ३ लाख लिटर पाणी पडतं, तुमच्या दीड गुंठ्यावर साडेचार लाख लिटर. सगळंच काही मुरत नाही, पण पुळणीत बरंच मुरतं, आणि तेच तुमच्या विहिरीतल्या खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरतं. तिथे सिमेंटवर ब्लॉक बसवलेत की ते पाणी उतारानं गटारात, गटारातून समुद्रात. मग पुढच्या वर्षी विहीर मचूळ होईल ती एप्रिलच्या सुरुवातीलाच, आणि ते पाणी तुम्हालाच प्यायचं आहे. आसपास राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं वाढली आहेत, प्रत्येकाच्या विहिरीला पंप आहे, आणि वाळूखालचं पाणी सगळ्यांचं एकच. तेव्हा आपल्या अंगणातला पाऊस आपण मुरवणं हे शेजाऱ्यांसाठीही करायचं काम आहे.

मधला मार्ग आहे. मागीलदारापासून विहिरीपर्यंत आणि न्हाणीपर्यंत दोन फूट रुंदीची वाट जांभ्याच्या चिऱ्यांची करा. खाली वाळू, दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट, सिमेंट नाही. पाय कोरडे राहतील आणि पाणीही मुरेल. पातेरा दाराजवळ नको, दारापासून पंधरा-वीस फूट तरी लांब, वाफ्यांपुरताच. दाराभोवतीची जागा झाडून लख्ख ठेवा आणि संध्याकाळी विजेरी घेतल्याशिवाय मांडवाखाली जाऊ नका. पन्हळीचं पाणी सध्या कुठे जातं ते बघा. पहिले चार-पाच पाऊस कौलं धुऊन वाहून जाऊ द्या, मग त्या पाण्याचं तोंड विहिरीपासून आठ-दहा फुटांवरच्या खड्ड्याकडे वळवा. खड्ड्यात खाली दगड, वर खडी, वर वाळू. संडासाची टाकी त्या बाजूला नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या. गवंड्याचे पैसे यावर खर्च झाले तर मी म्हणेन सत्कारणी लागले.

शिराळ्याकडे वळते, कारण त्यात तुमची चूक नसताना तुम्ही रोज सकाळी स्वतःला दोष देत बसला आहात. तुम्ही नऊ वाजता फूल लावता. शिराळ्याचं फूल दिवेलागणीला उमलतं. संध्याकाळी पाचच्या पुढे कळी सुटायला लागते, रात्रभर फूल ताजं असतं आणि सकाळी ऊन चढलं की त्याचा जीव गेलेला असतो. नऊ वाजता तुमच्या हातात येतं ते कालचं फूल आणि कालचे पराग. मोबाइलवर जे बघितलंत ते बहुतेक भोपळ्याचं किंवा काकडीचं असणार, ती फुलं पहाटे उघडतात आणि सकाळीच कामाची असतात. कारल्याचंही सकाळचंच. घोसाळ्याचं फूल दिसायला शिराळ्यासारखंच पिवळं, एकाच कुळातलं, पण ते उजाडण्याआधी उमलतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळचं. पडवळाचं तर रात्रीचं, त्याच्या पाकळ्यांच्या कडेला पांढऱ्या दोऱ्यांची झालर असते. एकदा रात्री आठच्या सुमाराला विजेरी घेऊन बघा. चाळीस वर्षं बघते आहे, अजून माझं मन भरलेलं नाही.

मी घाटावरून लग्न होऊन दापोलीकडे आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात माझंही हेच झालं होतं. वेल हिरवागार, फळ नाही, आणि कोणाला विचारायची लाज. मोलमजुरीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला संध्याकाळी हाताला धरून मांडवाखाली नेलं आणि उमलणारी कळी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं. तेव्हापासून मी बाग दिवसातून दोन वेळा बघते, एकदा उजाडताना आणि एकदा दिवा लावायच्या वेळी. तुमच्या वहीत सगळ्या नोंदी सकाळच्या आहेत. संध्याकाळचा एक रकाना वाढवा.

यजमानांना आणखी एक विचारा, त्यांची आई संध्याकाळी कुठे असायची? मला वाटतं, उत्तर मांडवाखालीच सापडेल. काकूंनी ज्याला हाताचा गुण म्हटलं तो बहुधा हाच. आणि काकूंवर राग धरू नका. त्यांनी तुमच्या सासूबाईंना पन्नास वर्षं पाहिलं असेल. त्यांच्याकडे बी असेल, ते मागायला जा. कोकणात बी मागायला गेलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

शिराळ्याचं सांगून संपवते. नर फुलं घोसात येतात, मादी एकटी आणि तिच्या मागे इवलंसं शिराळं असतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढून टाका, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. फळ धरलं की चार दिवसांत ते देठाकडून जाड व्हायला लागतं. पण एवढं करूनही मेमध्ये फार आशा धरू नका. उष्मा आणि युरिया, दोन्हींनी नर फुलं वाढतात, मादी कमी होतात. पाऊस पडला की हाच वेल वेगळा वागेल.

टोमॅटो उपटा. मनाला लागेल, पण उपटा. टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते, १५ ते २० अंशांच्या आसपासची. आपल्याकडे मेमध्ये मध्यरात्रीही २६-२७ अंश असतात, आणि हवा इतकी दमट की पराग एकमेकांना चिकटून बसतात, झडतच नाहीत. फूल गळणार नाही तर काय करणार? फळ लाल न होण्याचं कारणही उष्माच. लाल रंग ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळा तेवढा होतो. झाडावरची ती पाच-सहा फळं आजच काढून घरात गारव्याला ठेवा, जराशी तरी रंगतील. टोमॅटो, कोबी, मुळा, पालक, हे सगळं आपल्याकडे भात कापून झाल्यावर, वायंगणात. रोप दिवाळीच्या सुमाराला टाकायचं. पुण्याचं वेळापत्रक इथे घेऊन आलात त्यात दोष नाही, तिथे उन्हाळ्यातली रात्रसुद्धा आपल्यापेक्षा गार असते.

भेंडीचा तो केवडा रोग, काही जण हळद्या म्हणतात. पांढरी माशी पसरवते, औषध नाही. रोगट झाडं मुळासकट काढून जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर पावसाळ्यातल्या नव्या भेंडीला तोच लागेल. नवं बी घेताना केवड्याला दाद न देणारं घ्या, परभणी क्रांती हे त्यातलं जुनं आणि ओळखीचं नाव. वहीत लिहिलेला जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, मुंग्यांची वाट मोडा, फार झालेली फांदी छाटा. मोगरा दमला आहे, दुसरं काही नाही. फूल लहान येतंय म्हणून खत घालू नका. वाळलेली फुलं आणि शेंडे चार बोटं खुडून ठेवा, खरी छाटणी जानेवारीत.

पश्चिमेकडून दुपारी खारा वारा येतो त्याचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण दोनशे पावलांवर तो येणारच. किनाऱ्यावरचं सुरूचं बन काही अडवतं, काही नाही. या पावसात त्या बाजूच्या गडग्याला लागून कण्हेरीच्या फांद्या रोवा. कण्हेर खारं वारं सोसते आणि दोन वर्षांत भिंत धरते. नातवंडं येत असतील तर त्यांना तिला तोंड लावू देऊ नका, कण्हेर विषारी आहे. नाहीतर उंडी लावा, ती आपल्या किनाऱ्याचीच, पण वेळ लागतो.

आता पुढचे पंधरा दिवस. आमच्याकडे वैशाखात अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला वेलांची आळी खणून ठेवतात. तुमची ती वेळ गेली, तरी रोहिणी लागतायत, मिरगापर्यंत हातात दिवस आहेत. दीड फूट रुंद, फूटभर खोल अशी सहा आळी खणा आणि उन्हात तापू द्या. पाऊस सुरू झाला की तळाला पातेरा, वर चांगलं कुजलेलं शेणखत, वर माती, आणि आळं जमिनीपेक्षा वीतभर उंच, म्हणजे पाणी साचणार नाही. दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की वाफ्यातलं मीठ धुऊन खाली जाईल. यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही.

बी मात्र आत्ताच पडवीत रुजत घाला, नळाच्या पाण्यावर. वेलभाज्यांना मुळं हललेली आवडत नाहीत, म्हणून फणसाच्या पानांचे द्रोण करा, माडाच्या झावळीच्या हिरानं टाचा, त्यात माती आणि दोन बिया. रोप दोन पानांचं झालं की द्रोणासकट आळ्यात ठेवायचं, पान मातीत कुजून जातं. शिराळं, पडवळ, कारलं, तवसं म्हणजे मोठी काकडी, एखादा भोपळा, बास. पहिल्या वर्षी जास्त नको. दापोलीला गेलातच तर विद्यापीठाचं कोकण हरिता शिराळं आणि कोकण तारा कारलं मिळतं का विचारा, ती इथल्या पावसात वाढवलेली वाणं आहेत. पण काकूंच्या घरचं बी मिळालं तर ते आधी. मांडव मेढींवर, डोक्याच्या वर हात पोचेल एवढा, बांधायला सुंभ. वेल बांधायला केळीचं सोपट, ते वेलाला कापत नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागलेलं शिराळं दोनेक महिन्यांत द्यायला लागतं. म्हणजे श्रावणात तुमच्या घरचं शिराळं, आणि ऋषिपंचमीच्या भाजीला पडवळ, भोपळा, माठ, अळू मागीलदारचंच. कारल्याला फळमाशी लागेल, तिचं पावसात बघू, तेव्हा पुन्हा लिहा. तोवर एवढंच करा, डंख मारलेलं, वाकडं झालेलं फळ वेलाखाली पडू देऊ नका.

अबोलीचं शेवटी ठेवलं आहे, कारण पत्रात तुम्ही सगळ्यात जास्त दुःखानं तेच लिहिलंत. एक वाफा गेला, दुसरा अर्धा आहे. त्या अर्ध्या वाफ्यातल्या झाडांवर आत्ता वाळलेली, तपकिरी कणसं असतील. ती खुडून टाकू नका, आणि वळीव येईपर्यंत झाडावर ठेवूही नका. अबोलीची शेंग सुकी असताना मिटलेली असते. पाण्याचा थेंब लागला की तडकन फुटते आणि बी लांब उडवते. पहिल्या सरीला सासूबाईंचं बी सगळं कुठच्या कुठे जाईल. उद्या सकाळी कात्री घेऊन कणसं कापा, कागदी पिशवीत घाला, आत ओंजळभर पाणी शिंपडा आणि पिशवीचं तोंड धरून ठेवा. आतून तडतड ऐकू येईल. यजमानांनाही जवळ बोलवा. आवाज थांबला की बी कागदावर पसरून सावलीत वाळवा, अर्धं डब्यात ठेवा, अर्धं मिरगाच्या पावसावर उंच वाफ्यात फेका आणि वर बोटाच्या पेराएवढीही माती घालू नका, नुसती चिमटीनं भुरभुरवा. शिवाय पाऊस स्थिरावला की हिरव्या फांद्यांचे बोटभर तुकडे ओल्या वाळूत टोचून बघा, त्यातलेही बरेच लागतात. रोपं वीतभर झाली की काकूंना दोन नेऊन द्या.